सयाजीरावांच्या गाडीतला आवाज

सुभेदार सयाजीराव तोफखान्यातून निवृत्त झाले तेव्हा सरकारनं त्यांना पेन्शन दिली आणि तोफांनी त्यांचा डावा कान ठेवून घेतला. उरलेल्या एका कानाच्या जोरावर त्यांनी पंधरा वर्षं घराला आणि गावाला दोन कान असल्याचं भासवलं. कान गेला म्हटलं की लेक गाडीची किल्ली काढून घेणार, ही त्यांची धास्ती. आणि पासष्टीत मोटार सोडून पिशवी घेऊन फाट्यावर उभं राहणं सुभेदाराला शोभतं का?

अडचण एवढीच, की आपल्याकडं गाडी चालवणारा बसतो उजवीकडं आणि त्याची बायको डावीकडं. पाटणहून सांगलीला लेकीकडं, शिवांजलीकडं, दर महिन्याला जाताना मनुबाई बोलायच्या आणि सयाजीरावांना नुसती इंजिनाची घरघर ऐकू यायची. ते समोर बघून मान हलवायचे, तीही भलत्याच ठिकाणी. दिवाळीनंतरच्या फेरीत कराडला चहाला उतरल्यावर मनुबाई त्यांच्या पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आवं, म्होरल्या बारीपास्नं मी यष्टीनं जाईन. यष्टीत शेजारची बाई वळख नसताना बोलती तरी."

हे मात्र लख्ख ऐकू आलं आणि जिव्हारी लागलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारातली निम्मी वर्षं सीमेवर गेली होती. शेजारी बसायचे दिवस आत्ता कुठं आले होते. खरं सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण ते सयाजीराव कसले! त्यांनी ठरवलं, गाडीत झकास स्टिरिओ बसवायचा. बोलणं नाही तर नाही, दोघं मिळून गाणी तरी ऐकू. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. "गाडीचं काम हुईस्तोवर तरी संगं चल," अशी गळ घालून त्यांनी मनुबाईंना गुढीपाडव्यापर्यंत थोपवलं.

सांगलीजवळ माधवनगरला, पत्र्याच्या शेडमध्ये, बिराप्पाचं गाड्यांना स्टिरिओ बसवायचं दुकान होतं. बिराप्पा जतकडचा, मेंढपाळाच्या घरातला. त्याचे वडील कळपात कुठलं कोकरू ओरडलं ते पाठमोरे बसून सांगायचे, आणि तो कान पोरात उतरला होता. गाडी आली की हा आधी हत्यार हातात घ्यायचा नाही. आत बसून, डोळे मिटून, एक अख्खं गाणं ऐकायचा.

"एका दमात सगळं बदलून टाक," सयाजीरावांनी हुकूम सोडला.

"न्हाई काका. एका खेपेला एकच काम. सगळं एकदम बदाललं तर काय सुधारलं ते तुमालाबी कळत न्हाई, मलाबी."

पहिल्या खेपेला त्यानं नवीन काहीच बसवलं नाही. बॅटरीपासून जाड वायर ओढली, गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या वायरीखालचा गंज खरवडून काढला आणि म्हणाला, "आता म्हैनाभर ऐका." सयाजीराव धुसफुसत निघाले. पण कासेगावच्या पुढं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आजवर नुसता धप्प वाजणारा तबला आता बोटाबोटानं वाजतोय.

दुसऱ्या खेपेला पुढचे स्पीकर बदलले. तिसऱ्या खेपेला बिराप्पानं चारी दारं उघडून आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्या आणि कलिंगड पारखावं तशी प्रत्येक पट्टी टिचकी मारून पारखली. दारं बंद झाली, खडखड थांबली, आणि एकही स्क्रू उरला नाही. आपल्याकडं काम संपल्यावर चार स्क्रू उरले नाहीत तर काम झाल्यासारखं वाटतच नाही! पलटणीत सयाजीरावांनी पुष्कळ कारागीर पाहिले होते. असा हात त्यांनी पाहिला नव्हता, आणि ते त्यांनी बिराप्पाला तोंडावर सांगितलंही.

गाणी सुरेख वाजू लागली. मनुबाई मात्र खिडकीबाहेर ऊस बघत बसायच्या. पाडवा जवळ आला होता.

चौथ्या खेपेला सीटखाली अॅम्प्लिफायर बसवून झाल्यावर बिराप्पा बटणं बघत थांबला.

"काका, आवाज मी हर बारीला दोन्हीकडं सारखा करून देतो. तुमी त्यो परत सगळा उजवीकडं वढून आणता."

सयाजीराव रुमालानं गाडीची काच पुसू लागले.

"डाव्या बाजूला कोण बसतं?"

"आमची मंडळी."

बिराप्पानं कानाचं नावही काढलं नाही. दुसऱ्या कुणी चौकशा केल्या असत्या, कीव केली असती. तो एवढंच म्हणाला, "आज गाडी हितंच ठेवा. उद्या सकाळी काकूंना घिऊन या."

सकाळी मनुबाई आपल्या जागेवर बसल्या. त्यांच्या डोक्याजवळ, दाराच्या खांबात, चिंचोक्याएवढा माईक बसला होता. त्यांचा आवाज त्यातून निघून उजव्या दारातल्या स्पीकरला, म्हणजे थेट सयाजीरावांच्या चांगल्या कानाशी जाणार होता. लग्नाच्या मांडवात माईक स्पीकरजवळ नेला की जी शिट्टी वाजते, ती इथं वाजू नये म्हणून बिराप्पानं माईकच्या तीन जागा बदलल्या होत्या. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, कुठं लिहिलेलंही नव्हतं. त्यानं ते एका म्हाताऱ्याच्या उजवीकडं ओढलेल्या बटणावरून ओळखलं होतं.

"काकू, आता नाव घ्या," तो बाहेरून म्हणाला.

माईक तपासायला त्यांनी स्वतःचं नाव सांगावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण कानडीच्या शेजारात वाढलेली त्याची मराठी. सांगा म्हणायच्या जागी तो घ्या म्हणाला. आणि बाईमाणसाला नाव घ्या म्हटलं की नाव एकच असतं. मनुबाई लाजल्या. पदर सावरला, घसा खाकरला आणि समोर बघत म्हणाल्या,

"कोयनेच्या काठाला हिरवं हिरवं रान,
सयाजीरावांचं नाव घेते, ऐका देऊन कान."

उजव्या दारातून आपलं नाव आलं तसे सयाजीराव दचकले. लग्नाच्या पंगतीनंतर हे नाव त्यांनी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. इंजिन चालू होतं, शेजारून ट्रक जात होता, तरी शब्द न् शब्द आला. इतका आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता, आणि त्या आनंदापुढं लपवाछपवी टिकेना.

"मनू," ते म्हणाले, "माजा डावा कान गेलाय. पंधरा वर्सं झाली. गाडीत तुजं कायबी ऐकू येत नव्हतं मला."

मनुबाई खिडकीकडची नजर काढून त्यांच्याकडं वळल्या.

"आवं, मला वाटलं, माजं बोलणंच नगंसं झालंय तुमास्नी."

एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला. तो दाबलेला हुंदकाही बिराप्पाच्या माईकनं टिपला आणि सयाजीरावांच्या कानापर्यंत पोचवला.