एक तुकडा जास्तीचा

तीस वर्षं रुग्णालयात काढून निवृत्त झालेल्या त्या बाईंना अख्खी इमारत अजून 'सिस्टर'च म्हणायची. कुणाला ताप आला, कुणाचा रक्तदाब वाढला, की आधी त्यांचं दार वाजायचं. त्यामुळे वरच्याच मजल्यावर राहणारी धाकटी बहीण लेकीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा तिने आपला म्हातारा बोका डोळे झाकून ताईच्या हवाली केला. बोक्याचं नाव रावसाहेब. मूत्रपिंडं थकलेली आणि अन्नावरची वासना उडालेली.

"ही भूक लागायची गोळी," बहीण म्हणाली. "एकीचे आठ तुकडे करून ठेवलेत. एक तुकडा, दिवसाआड. सगळं चिठ्ठीत लिहिलंय."

"अगं, मला शिकवतेस?" सिस्टर हसल्या.

पहिला तुकडा सकाळी दिला. रावसाहेबांनी मासा हुंगला आणि पाठ फिरवली. दुपारीही तेच. नखाएवढ्या तुकड्याने काय होणार? डॉक्टर नवीन असेल, भित्रा असेल, असं म्हणत त्यांनी दुसरा तुकडा दिला. संध्याकाळी तिसरा. चिठ्ठी फ्रिजवर चिकटवलेली होती. ती त्यांनी वाचूनही पाहिली नाही.

सकाळी बोका घरभर येरझारा घालत होता. घसा फाडून ओरडत होता, पाय थरथरत होते, बुबुळं काळीभोर झाली होती. त्याला टोपलीत घालून त्यांनी दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "गोळी किती दिलीत?"

"सांगितली तेवढीच."

शब्द तोंडातून कसे निसटले, ते त्यांना कळलंच नाही.

"मग दुसरंच काहीतरी दिसतंय," डॉक्टर कपाळाला आठ्या घालत म्हणाली. "रक्त काढावं लागेल. सगळ्या तपासण्या करू."

मदतनीसाने बोक्याला धरलं, पायावरचे केस काढले. सुई टोचताच तो असा किंचाळला की सिस्टर बाहेर बाकावर जाऊन बसल्या. वैद्यापासून काही लपवू नये, असं आयुष्यभर त्यांनीच नातेवाइकांना बजावलं होतं. एका म्हाताऱ्याने पथ्य मोडल्याचं लपवलं, तेव्हा वॉर्डभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्याला झापलं होतं. त्याची खाली गेलेली मान आता त्यांच्या डोळ्यांपुढे आली.

त्या उठून आत गेल्या.

"डॉक्टर, मी खोटं बोलले. एका दिवसात तीन तुकडे दिले."

डॉक्टरने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग मदतनीसाला म्हणाली, "तपासण्या थांबव. सलाईन लाव, आणि या औषधाला उतारा असतो तो काढ. खोलीतला दिवा मंद कर." सिस्टरकडे वळून ती शांतपणे बोलली, "मूत्रपिंडं कमजोर असली की औषध अंगात साचून राहतं, म्हणूनच दिवसाआड. मांजर खात नसेल तर डोस वाढवायचा नाही, आम्हाला फोन करायचा. बरं झालं सांगितलंत."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही काय करता?" डॉक्टरने अर्ज भरता भरता विचारलं.

सिस्टरच्या जिभेवर उत्तर आलं आणि तिथेच अडकलं. "घरीच असते," त्या म्हणाल्या.

बहिणीला फोन त्यांनीच केला, काही न लपवता. पलीकडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. "जगेल ना ग तो?" एवढंच तिने विचारलं.

तो जगला. तिसऱ्या दिवशी घरी आला, बशीभर मासा खाऊन खिडकीत झोपला. बहीण परतली ती हसतच. ताईसाठी साडीही आणली. झाल्या गोष्टीचा अवाक्षरानेही उल्लेख नाही.

चार महिन्यांनी ती पुन्हा नातवाकडे निघाली. जिन्यात सिस्टर भेटल्या, तेव्हा ती खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दारात उभी होती, रावसाहेबांची टोपली हातात घेऊन.

"तुला कशाला उगाच त्रास, ताई," ती घाईघाईने म्हणाली.

"हो, खरंच," सिस्टर म्हणाल्या, आणि तिला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.