टोकदार कंसांतली रिकामी जागा

मित्रांनो, मी एक जुनी रिकामी जागा आहे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. छत्रीचे, नांगराचे, पडक्या विहिरीचे आत्मवृत्त तुम्ही वाचले असेल. जिच्यात काहीच नाही तिला कसले आयुष्य, असे तुम्हाला वाटत असेल. पण मला आयुष्य आहे, आणि ते मी मान खाली घालून सांगणार नाही.

माझा जन्म शहाद्यात, नवनीत नावाच्या माणसाच्या संगणकावर झाला. नवनीत शेतातल्या मोटरींसाठी एक पेटी बनवतो. पेटीत सिमकार्ड असते. मोबाइलवरून ‘चालू’ असा संदेश पाठवला की मोटर चालू होते, ‘बंद’ पाठवला की थांबते. शेतावरची वीज कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून ही पेटी. पण तिने वाटेल त्याचे ऐकू नये, यासाठी आधी तिला मालक कोण ते सांगावे लागते. ‘मालक’ हा शब्द लिहायचा आणि पुढे आपला मोबाइल नंबर. त्यानंतर पेटी फक्त त्याच नंबरचे ऐकते.

हे सगळे नवनीतने एका पुस्तिकेत लिहिले. प्रत्येकाचा नंबर वेगळा, म्हणून ‘मालक’ या शब्दापुढे त्याने मला बसवले. डावीकडे एक टोकदार कंस, उजवीकडे एक, आणि आत बारीक अक्षरांत ‘तुमचा नंबर’. ही अक्षरे म्हणजे माझ्या दारावरची पाटी. ज्याची पेटी त्याने आत यावे, एवढेच ती सांगते. मोबाइलवर जे जसेच्या तसे दाबायचे, ते नवनीतने करड्या पट्टीवर, टाइपरायटरसारख्या अक्षरांत ठेवले होते. समजावण्याचे शब्द कोणते आणि दाबायचे कोणते, हे लांबूनही कळत असे. त्या करड्या पट्टीवर मी ऐटीत बसले होते. पुस्तिका चाळणारे म्हणत, “वा, हे बरे सोपे केले.” ते कौतुक निम्मे माझे होते.

म्हसावदला रिषभचे मोटरपंपांचे दुकान आहे. घर मूळचे राजस्थानचे, पण गिऱ्हाइकांशी रिषभ अहिराणीतच बोलतो. त्याला ती पुस्तिका जाड वाटली. त्याने नवनीतकडून फाइल मागवली आणि ती साध्या मजकुरात उतरवून घेतली. कुठल्याही मोबाइलवर जावी, एका पानावर मावावी, हा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण साध्या मजकुराला रंग नसतो, ठळक अक्षर नसते. करडी पट्टी गेली. ज्या प्रोग्रामने हे काम केले त्याला वाटले, टोकदार कंसांत असतात त्या संगणकाच्या आपसातल्या खुणा, माणसाने वाचावे असे त्यात काही नसते. त्याने कंस उचलले आणि माझ्यासकट फेकून दिले. मागे ओळ उरली ती अशी: मालक असा संदेश पाठवा.

रिषभने ती वाचली. त्याला काहीतरी कमी वाटले, म्हणून ‘मालक’पुढे त्याने दुकानाचा नंबर टाकून दिला. त्यात त्याला गैर काही दिसले नाही. त्याच्या बाजाराची रीतच तशी. कॅलेंडर असो, कापडी पिशवी असो, नाहीतर पॅनेलचे झाकण, मोकळे दिसेल तिथे दुकानाचा नंबर.

“नमुना बी व्हयना आन जाहिरात बी व्हयनी,” तो खुशीत म्हणाला. एकाच नंबरात नमुनाही झाला, जाहिरातही.

मी तेव्हा त्याच्याच काउंटरच्या काचेखाली होते, मूळ पुस्तिकेच्या उघड्या पानावर. वर चहाचे पेले ठेवलेले असत. मी सगळे पाहत होते, पण मला विचारतो कोण?

बरेच दिवस काही बिघडले नाही. नवी पेटी घेणाऱ्याकडे नवनीत स्वतः जाऊन शिकवून येई, त्यामुळे तो कागद कोणी वाचतच नव्हते. तो पहिल्यांदा वाचला धनुबाईंनी.

धनुबाई गावातल्या बायकांच्या वर्गात अक्षरे शिकल्या, त्याही नातवंडे झाल्यावर. उशिरा शिकलेले माणूस अक्षराला फार मानते. तुम्ही ओळीवरून भरभर नजर फिरवता आणि राहिलेले मनाने भरून घेता. धनुबाई एकेका अक्षरावर बोट ठेवत जातात, आणि लिहिले आहे ते लिहिले आहे. नदीपलीकडच्या शेतात त्यांनी पपईची नवी रोपे लावली होती. ऊन चढत होते. पेटी आणली तेव्हा त्यांचे यजमान पितांबर म्हणाले, पुतण्याच्या, पवनच्या नंबरवर घेऊ. “मी करसू. माले वाचता येस,” धनुबाई म्हणाल्या, आणि कागदावर होते तसेच त्यांनी दाबले.

मग वीज येऊ लागली, जाऊ लागली, पण मोटर काही चालू होईना. हाताने चालू करायला पितांबर नदी ओलांडून पोहोचेपर्यंत वीज गेलेली असे. रोपांनी माना टाकल्या.

एका सकाळी धनुबाई दुकानात आल्या आणि त्यांनी कागद काउंटरवर, बरोबर माझ्या डोक्यावर आपटला.

“रिषभशेठ, तुन्ही पेटी बहिरी शे.”

“पेटी बहिरी नही, माय. दाबामा काही चूक व्हयनी व्हई.”

“जसं लिखेल शे तसंच दाबं मी. घरमा बी हाईच ऐकी ऱ्हायनू, आते तू बी बोल.”

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पितांबर शेतातून बोलत होते, आणि आवाज साऱ्या दुकानाला ऐकू येत होता. “वं, वीज येल शे! हट्ट सोड. पवनले दी दे ती पेटी. आज पानी नही लागनं ते पपई गयी समज. तुन्हं वाचन ऱ्हाऊ दे घरमा!”

धनुबाईंनी फोन बंद केला. “नवी पेटी उघाड,” त्या रिषभला म्हणाल्या. “हाऊ मन्हा मोबाइल. कागद मोठ्यानं वाच आन जसं लिखेल शे तसंच दाब. डोकं चालाडू नको.”

“डोकं चालाडानं नही?” रिषभ हसला.

“नही. कागद तुन्हा, मंग डोकं कसाले?”

रिषभने वाचले, वाचले तसेच दाबले. पेटीने मालक नोंदल्याचे उत्तर दिले. मग धनुबाईंनी स्वतः ‘चालू’ पाठवले. पेटीचा दिवा लालच राहिला. पण मागच्या फळीवर पडलेला दुकानाचा जुना मोबाइल टुणकन वाजला. रिषभने तो उचलला. अनोळखी नंबरवरून संदेश आला, पेटीने तो मानला नाही, असे त्यावर आले होते. खाली तसल्याच संदेशांचा ढीग होता, सगळे धनुबाईंच्या शेतातल्या पेटीचे. जाहिराती समजून त्याने ते कधी उघडलेच नव्हते.

रिषभ स्टुलावर बसला. “माय, तुन्ही मोटर मन्ही वाट पाही ऱ्हायनी व्हती.”

“म्हनजे मन्ही मोटरना मालक तू?”

“तो नमुना व्हता.”

“मंग नमुना शे असं लिखना व्हतं!”

रिषभने चहाचे पेले बाजूला सारले, काच उचलली आणि मला बाहेर काढले. एका हातात मी, दुसऱ्या हातात त्याचा कागद. एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे. मग त्याने नवनीतला फोन लावला.

नवनीत म्हणाला, “आधी दुकानाच्या फोनवरून त्या पेटीला ‘सोड’ पाठव, म्हणजे तुझी मालकी जाईल. मग कागद बदल. करडी पट्टी राहत नाही ना, तर दाबायची ओळ वेगळी टाक, वर-खाली मोकळं ठेव. टोकदार कंस तो प्रोग्राम खातो, चौकोनी घाल. आणि सुरुवातीलाच लिही, चौकोनी कंसांतलं काढून आपलं भरायचं, कंससुद्धा दाबायचे नाहीत.”

“हाई लिखाच,” धनुबाई म्हणाल्या. “नही ते मी कंस बी दाबसू.”

“आन दुकानना नंबर?” रिषभने हळूच विचारले.

“खाले टाक, मोठा टाक. मन्ही जागावर नको.”

रिषभने ‘सोड’ पाठवले. मग नवा कागद निघाला. त्यावर मी होते. कंस चौकोनी झाले होते, त्याचे मला काही वाटले नाही. रिषभने खिशातला पेन काढला. “आन माय, तुन्हा नंबर मी लिखी देस.”

धनुबाईंनी माझ्यावर पंजा ठेवला. “ऱ्हाऊ दे.”

शेतातल्या पेटीसाठी त्यांनी एकेक अक्षर, एकेक आकडा दाबला. मालक नोंदला गेला. मग ‘चालू’ पाठवले. थोड्या वेळाने मोबाइल वाजला.

“पानी उनं वं!” पितांबर ओरडत होते. “कडेन्या वळी गयात, पन बाकीन्या वाचतीन! पवननी करं का?”

“नही,” धनुबाई म्हणाल्या. “मी करं.”

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका, मला ती नको. कागद साधा करा, रंग काढा, कंस बदला, मी टिकेन. पण मला पुसू नका, आणि मदत म्हणून स्वतःच्या नावाने भरूही नका. जागा कोणाची ते स्पष्ट लिहा आणि हात मागे घ्या. मला काढून टाकणाऱ्याला वाटते, तिथे कोणीच नव्हते. तिथे तुम्ही होता.