चार भागांतले दोन

लाईट गेली तिथंच माझं डोकं फिरलं. विद्यापीठातला डीप फ्रीझर बंद पडला म्हणून मी लडाखच्या मातीच्या पिशव्या पडेगावला घरी आणल्या, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात कोंबल्या, अन् दुसऱ्याच दिवशी सकाळपासून वीज गायब! ती माती म्हणजे माझी पीएचडी. तिकडं उंचावरच्या कुरणांखाली जमीन बारमाही गोठलेली असते. तिच्यातला कार्बन अन् नायट्रोजन कशानं टिकतो, थंडीनं, ओलाव्यानं की गवताच्या मुळांनी, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी वरची, मधली, खालची माती वेगवेगळी हवी, अन् गोठलेलीच हवी. वितळली की तिच्यातले जिवाणू उठून खायला बसतात. मग मोजणार काय, कपाळ?

दुपारी पिशव्या मऊ लागायला लागल्या. "आत्या, तपासणीची माती आहे, जरा लक्ष ठेव, मी बर्फ आणते," एवढंच सांगून मी पळाले. पारूआत्या गावाकडून, कन्नडहून आली होती. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, रानात राबून शिकवलं.

बर्फाच्या कारखान्यात ही गर्दी! ऑक्टोबरचं ऊन, रिक्षात मांडीवर लादी, पाणी पायावर गळतंय.

"भाऊ, जल्दी चलाओ ना!"

"मॅडम, उडवू काय रिक्षा?"

घरी आले अन् दारातच थिजले. ओट्यावर सावलीत पेपर पसरलेले, त्यावर मातीचा एकच ढीग. पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या, वरची नावंसुद्धा पुसलेली.

"लई चिखल झाला व्हता बाई," आत्या कौतुकानं म्हणाली. "तपासणीला ओली माती देत नसतेत. सगळी एकत्र केली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले. आमच्या रानाची असंच करून देतो आम्ही."

"टाकले? कुठं टाकले?"

"त्या जास्वंदीच्या कुंडीत."

लादी तिथंच टाकून मी कुंडी उकरायला लागले. पण निवडणार काय? वरचं कोणतं, खालचं कोणतं? एका रानाचा एक नमुना करायला तिची रीत अगदी बरोबर होती. माझं मात्र सगळं संपलं होतं.

"वाटोळं केलंस आत्या माझं!" मी किंचाळले. आत्या मटकन खाली बसली.

तेवढ्यात गाईडसरांचा फोन. "सरिता, नमुने ठीक आहेत ना? सोमवारी मशीन मिळतंय."

ढीग समोरच होता. पिशव्या भरायच्या, वर नावं घालायची, मशीन आकडे देणारच. कोणाला कळलं असतं? माझा हात मातीकडं गेलासुद्धा. मी तो मागं घेतला.

"नाही सर. सगळे थर एकत्र झाले. काहीच उरलं नाही."

सरांचा आवाज चढला. "कोणी केला हा गाढवपणा?"

आत्या उठली होती. फोन दे, मी सांगते, म्हणून हात पुढं करत होती. मी तिच्याकडं पाठ केली.

"मी, सर."

"मग गेलं वर्ष तुझं! आता पुढच्या उन्हाळ्याशिवाय तिकडं जाता येणार नाही." फोन कट.

"कशाला गं खोटं बोललीस?" आत्या रडत होती. "माझं नाव सांगायचं की! मला काय फाशी देणार व्हते?"

"गप बस!" मी खेकसले. "तुला बोलायचं तर मी बोलीन. दुसऱ्या कोणाचं मी ऐकून घेणार नाय."

अन् तिच्या मातीच्या हातांत तोंड खुपसून मी हमसून हमसून रडले.