खोलीएवढी खोली

समृद्धी भिलाईत विकायच्या आणि भाड्यानं द्यायच्या घरांचे फोटो काढायची. नवा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा घेतला, पण जुन्या लेन्समधून भिंतीला पाठ टेकली तरी अर्धीच खोली यायची. म्हणून सिविक सेंटरमधल्या भैयालालच्या कॅमेऱ्याच्या दुकानातून तिनं चौदा एमएमची, जास्त रुंद टिपणारी लेन्स वापरून बघायला आणली आणि हुडको वसाहतीतल्या एका घराचे फोटो काढले. दोन्ही भिंती, खिडकी, छत, सगळं एका फोटोत. घरमालक प्रेमानंदकाका जाम खूश झाले.

ते फोटो पाहून दुर्गहून राधाबाई घर बघायला आल्या. दारातच थबकल्या.

"पोरी, फोटोतली मोठी खोली कोणती?"

"हीच जी काकू."

"हे? आमच्या यायचा पलंग ठेवला तं चाकाची खुर्ची फिरन कुठून?"

त्यांचे यजमान गुलाबराव रेल्वेतून रिटायर झालेले. लकव्यानं उजवं अंग गेलेलं. घर पसंत पडणारच म्हणून राधाबाईंनी त्यांनाही आणलं होतं. ते बाहेर ऑटोत बसून होते.

"लेन्समुळं तसं दिसते, काकू. मी काही केलं नाही," समृद्धी म्हणाली, आणि आपलंच बोलणं तिला कसंसं वाटलं.

लेन्स बदलून घ्यायला ती दुकानात परतली. "बीस ले लो, कोने कम खिंचेंगे," भैयालाल म्हणाला. पण वीसमध्ये हुडकोतलं स्वयंपाकघर मावलं नसतं. तेवढ्यात प्रेमानंदकाकांचा फोन आला, "वरचा मजलाही त्याच लेन्सनं काढ, बेटा. हॉल दिसला पाहिजे." तिनं सोळापासून पस्तीसपर्यंत फिरवता येणारी झूम लेन्स लावून पाहिली. सोळावर काउंटर लांबच लांब दिसलं, पस्तीसवर भैयालाल अगदी अंगाशी आला. खरं काउंटर कोणत्या आकड्यावर? तिनं कॅमेऱ्यावरून नजर काढून पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. काही केल्या ठरेना. शेवटी झूमच घेतली.

पुढच्या आठवड्यात स्मृति नगरात तळमजल्याचं एक घर फोटो काढायला मिळालं. तिनं एक फोटो सोळावर काढला, एक चोवीसवर, आणि दोन्ही राधाबाईंना पाठवून तिथूनच फोन लावला.

"काकू, यातला कोणता बरोबर, मलेच समजून नाही राहिलं."

"मले कावून विचारते? पलंग मावते का, ते सांग."

समृद्धीनं टेप काढला. भिंतीपासून पलंगाएवढी जागा सोडली, उरलेली मोजली, मग दाराची चौकटही मोजली.

"मावते. खुर्चीही फिरते."

"मंग उद्या येतो. यायले घेऊनच येतो."

फोन ठेवल्यावर ती रिकाम्या खोलीत उभी राहून दोन्ही फोटो पाहत राहिली. जाहिरातीत कोणता टाकावा, तिला अजूनही कळत नव्हतं.