बरणीत मुरलेली पैज

मी एक जुनी बरणी आहे, काचेची, पोटानं थोडी वाकडी. जुन्या बरण्या फार थापा मारतात, असं आमच्या दुकानातल्या घड्याळांचं मत आहे. पण घड्याळांचं काय ऐकता, मित्रांनो? सगळी एकाच भिंतीवर टांगलेली असतात आणि प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ सांगतं. मी सांगते ते खरंच सांगते. फक्त कंटाळवाणा भाग गाळते आणि त्या जागी दुसरं काहीतरी घालते.

माझा जन्म भट्टीत झाला. ज्या कारागिरानं मला फुंकलं त्याची छाती अशी दमदार होती, की त्यानं जोरात फुंकर मारली तर शेजारच्या कारखान्याच्या धुराड्यातला धूर उलटा आत जायचा. मला घडवताना ऐन वेळी त्याला शिंक आली. म्हणून माझं पोट डावीकडे जरा जास्त सुटलं आणि काचेत एक बुडबुडा अडकून राहिला. शेजारच्या बरण्या हसल्या. मी म्हटलं, हसा. तुमच्यात नुसता माल भरणार, माझ्या अंगात एका माणसाचा श्वास राहिलाय. तो अजूनही आहे. मला उजेडासमोर धरलंत तर दिसेल. पण धरू नका, मी जड आहे.

पहिली नोकरी मी गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात केली. माझ्यात पेपरमिंटच्या गोळ्या असत. तुमच्याएवढी मुलं काचेला नाक लावून उभी राहायची, आणि काचेवर उमटलेल्या नाकावरून मी कुठलं मूल येऊन गेलं ते सांगू शकत असे. पुढे ते दुकान बंद पडलं आणि सामान फुटपाथवर मांडलं गेलं. तिथून मला एका बाइंडरनं उचललं. पुस्तकं बांधणारा माणूस, बोटांना कायम कागद चिकटवायची खळ लागलेली. त्यानं मला फिरवून पाहिलं, माझ्या वाकड्या पोटावर टिचकी मारली, आणि म्हणाला, "हिच्यात बरीच मावेल."

काय मावेल ते मला घरी गेल्यावर कळलं. तंबाखू. पाइपात भरायची.

तुमचे चेहरे कसे झाले असतील ते मला दिसतंय. तंबाखू ही काही भली वस्तू नव्हे, हे मी तुमच्याआधीपासून जाणते. तीच तर माझी गोष्ट आहे.

बाइंडर थोरला. त्याचा धाकटा भाऊ घड्याळजी. रस्त्याकडेच्या एका लांबट खोलीत दोघांचं दुकान होतं. एका टोकाला थोरल्याचं टेबल, त्यावर पुठ्ठे, दाभण, दोऱ्याची रिळं आणि खळीचं भांडं. दुसऱ्या टोकाला धाकट्याचं टेबल, त्यावर चिमटे, स्पिरिटची बाटली आणि पोट उघडलेली घड्याळं. मध्ये खिडकी आणि दोन खुर्च्या. वरच्या मजल्यावर तिघांचं घर, कारण दोघांहून मोठी एक ताई होती. ती गाणं शिकवायची. वर जायला मधे एक वळण घेणारा उभा जिना.

संध्याकाळी काम आवरलं की दोघे भाऊ खिडकीपाशी बसत, पाइप पेटवत आणि भांडत. भांडण एकच. थोरला सुटी तंबाखू घ्यायचा, कोपऱ्यावरच्या तंबाखूवाल्याकडून, वजनावर. धाकटा घ्यायचा सीलबंद डबी, जिच्यावर जहाजाचं चित्र होतं.

"तू पत्र्याचे पैसे देतोस," थोरला म्हणायचा. "आणि त्या जहाजाचे. ओढताना जहाज दिसतं का तुला?"

"आणि तू काय घेतोस? अख्ख्या गावानं बोटं घालून पाहिलेला माल. दादा, डबी उघडली की फुस्स होतं. म्हणजे माझ्याआधी तिथं कुणी पोचलेलं नाही."

"त्या फुस्ससाठी एवढा खर्च? मी तोंडानं करून दाखवतो."

आणि तो खरंच करून दाखवायचा. मग खोकला यायचा. मग भांडण जरा थांबायचं आणि खोकला संपला की तिथूनच पुढे चालू व्हायचं.

मला घरी आणल्यावर थोरल्यानं सोड्याच्या गरम पाण्यानं धुतलं, उन्हात ठेवलं, पुन्हा धुतलं. तरी पेपरमिंटचा वास जाईना. ताईनं माझ्यात नाक घातलं आणि म्हणाली, "काचेला वास नाहीये. झाकणाच्या रबराला आहे. रिंग बदल." नवी रिंग बसली, तारेची कडी खटकन लागली आणि मला वाटलं, आता मी समुद्राच्या तळाशी पडले तरी आत थेंब यायचा नाही. हे मी एकदा करूनही पाहिलंय, पण ते नंतर कधीतरी.

एके दिवशी तंबाखूवाला स्वतः दुकानात आला. तुमची तंबाखू जिथून येते तो कारखाना बंद होतोय, म्हणाला. तुमचं दोघांचं पान आता येणार नाही. हो, गंमत अशी, की दोघं ज्यावरून भांडायचे ती तंबाखू एकच होती. एकाची पिशवीतून, दुसऱ्याची डबीतून. थोरल्यानं उरलेली उशीएवढी पिशवी घेतली. धाकट्यानं डब्यांचं शेवटचं खोकं घेतलं. आणि लगेच सुरू झालं. सुटी नीट ठेवली तर वर्षागणिक मुरते, असं थोरल्याचं म्हणणं. बरणीतलीचा सुकून भुसा होतो, डबीतलीच मुरते, असं धाकट्याचं.

ताई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकत होती. "नुसती तोंडं काय वाजवता?" ती म्हणाली. "पैज लावा. पाच वर्षं दोघांनी ही ओढायची नाही, तोवर दुसरी काय मिळेल ती ओढा. मग तंबाखूवाले चाखून सांगतील. ज्याची बिघडली त्यानं पाइप कायमचा खाली ठेवायचा."

"कायमचा म्हणजे?" थोरला म्हणाला.

"मराठीत सांगितलं ना?"

मित्रांनो, ताईच्या मनात काय होतं ते मी तेव्हाच ओळखलं. गाणं शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा श्वास ऐकू येतो. थोरला जिना चढताना वळणावर थांबतो, कठड्याला धरतो, आणि "जरा चष्मा पुसतोय" म्हणतो, हे ती रोज ऐकत होती. त्याला चष्मा नव्हताच. डॉक्टरांनी सांगून झालं होतं, तिनं रागावून झालं होतं. आता तिला थोरल्याला हरवायचं होतं. आणि तो हरणार याची तिला खात्री होती, कारण तिला त्याचा स्वभाव माहीत होता.

झालंही तसंच. थोरल्यानं मला गच्च भरलं, कडी लावली आणि दुसऱ्या दिवशी कडी काढली. कशी आहे ते बघायला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एक चिमूट बोटांत घ्यायची, चुरायची, हुंगायची, "ठीक आहे" म्हणायचं आणि झाकण लावायचं. प्रत्येक वेळी माझ्यातला थोडा ओलावा उडून जायचा. मी आतून ओरडत होते, की बाबा रे, तुझ्या त्या बघण्यानंच बिघडतेय. पण बरणीचं कोण ऐकतं? थंडी पडली तेव्हा पानं कुरकुरायला लागली. थोरला पळत तंबाखूवाल्याकडे गेला.

तंबाखूवाला म्हणाला, "रात्रभर तोंडावर ओलं फडकं टाका. मग झाकण लावा आणि विसरून जा. सुट्या मालाला एवढंच लागतं. विसरणारा मालक."

थोरल्यानं फडकं टाकलं. आणि मग, स्वतःवर भरवसा नसलेला शहाणा माणूस करतो ते केलं. बांधणीच्या कापडाची एक पट्टी कापली, खळ लावून माझ्या झाकणावरून गळ्यापर्यंत चिकटवली आणि ताईला हाक मारली. "यावर तुझी सही कर. फाटली तर मी हरलो."

ताईनं सही केली. करताना तिचं तोंड कडू झालं होतं.

दोनच दिवसांनी, भाऊ बाहेर गेले असताना, ती खाली आली. एका हातात वाफाळती किटली, दुसऱ्या हातात सफरचंदाची फोड. वाफेनं खळ सुटते, हे बाइंडरच्या बहिणीला कुणी शिकवावं लागत नाही. आणि बरणीत सफरचंदाची फोड राहिली तर महिन्याभरात बुरशी धरते, हेही तिनं कुठूनतरी ऐकलेलं असणार. तिनं किटलीचं तोंड माझ्या पट्टीकडे वळवलं. माझं अंग ओलं झालं. मी कडी आवळून धरली. तुम्हांला पटणार नाही, पण मी धरली.

पण ताईनं किटली मागे घेतली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "फसवून पाइप सोडवला, तर चोरून ओढेल."

तिनं ती फोड खाऊन टाकली. किटलीतल्या पाण्याचा चहा केला.

त्या दिवसापासून मी पेचात पडले, मित्रांनो. मी माझं काम चोख केलं, तर थोरला जिंकणार आणि ओढत राहणार. म्हणजे माझ्या चांगुलपणानं त्याचा श्वास जाणार. जरा ढिली पडले असते, रबर थोडं सैल सोडलं असतं, तर तो वाचला असता. पण काय करू? मला गळता येत नाही. माझ्या घराण्यात कुणाला आलं नाही.

तिकडे धाकटा. तो डब्या उघडत नव्हता, त्याची काळजी वेगळी. घड्याळजीच्या नजरेला धूळ खपत नाही. दर रविवारी तो डब्या खाली काढायचा आणि घड्याळं साफ करायच्या स्पिरिटनं एकेक डबी लखलखीत पुसायचा. पहिल्या वर्षी जहाजाची शिडं गेली. दुसऱ्या वर्षी जहाज गेलं. नंतर समुद्रही गेला आणि उघडा पत्रा राहिला. थोरला विचारायचा, "काय रे, बुडालं का?" धाकटा म्हणायचा, "आतलं महत्त्वाचं." रंग पत्र्याला जपण्यासाठी असतो, हे त्याच्या मनातच आलं नाही.

पाच वर्षं झाली. तंबाखूवाला स्वच्छ पाइप घेऊन आला. धाकट्यानं पहिली डबी पुढे केली आणि झाकणाखाली नाणं अडकवून फिरवलं.

काहीच आवाज झाला नाही.

त्यानं दुसरी फिरवली, तिसरी फिरवली. एकही फुस्स झाली नाही. जोडाजोडांवर पत्रा गंजून टाचणीएवढी भोकं पडली होती आणि आत गंज मिसळलेला भुसा होता. थोरल्यानं तोंडानं फुस्स केलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

मग ताईनं स्वतःच्या सहीची पट्टी कापली आणि कडी काढली. माझ्यातून जो वास निघाला त्यानं म्हणे रस्त्यावरची एक ट्राम थांबली. ट्राम थांबली हे खरं आहे. तिथं थांबाच होता. तंबाखूवाल्यानं पाइप भरला, पेटवला, डोळे मिटले आणि दोन झुरके घेऊन म्हणाला, "थोरले, अशी मी विकलेली नाही."

धाकट्यानं आपला पाइप रिकामा केला, पुसला आणि ताईच्या हातात दिला. ताईनं तो घेतला, पण ती बघत होती थोरल्याकडे.

त्या संध्याकाळी थोरला खिडकीपाशी बसला. माझ्यातली तंबाखू भरली, पेटवली. समोरच्या खुर्चीत धाकटा रिकाम्या हातांनी बसला होता.

"कसा आहे वास?" थोरल्यानं विचारलं.

"चांगला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे चांगला आहे, दादा."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी थोरला म्हणाला, "अरे, काहीतरी वाईट बोल की."

"हरलेल्यानं काय बोलायचं?"

थोरल्याचा पाइप विझला. त्यानं तो पुन्हा पेटवला नाही. माझ्याकडे बघत उगाचच म्हणाला, "आणखी दहा वर्षं ठेवली तर याच्या दुप्पट मुरेल."

धाकट्यानं मान वर केली. "अशक्य."

"का अशक्य?"

"रबर टिकणार नाही. रबराचं आयुष्य असतं, दादा. तुला पुठ्ठ्यातलं कळतं, रबरातलं नाही."

"माझं रबर तुझ्या पत्र्यासारखं नाही."

"लाव पैज."

"लावली. आणि जो आधी हिला उघडेल तो गाढव."

"पण मग तू ओढणार काय?" धाकट्यानं विचारलं.

थोरल्यानं विझलेला पाइप टेबलावर ठेवला. "यानंतर दुसरी कसली गळ्याखाली उतरणार आहे?" तो म्हणाला, आणि पुन्हा गर्रकन रबराकडे वळला.

ताईनं तेवढ्यात बांधणीच्या कापडाची पट्टी, खळ आणि ब्रश आणून टेबलावर ठेवला होता. इतक्या लगबगीनं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. हे सगळं मीच घडवून आणलं, असं मी घड्याळांना सांगत असते. त्यांचा विश्वास बसत नाही. तुमचा बसला तर मला बरं वाटेल.

आता दोघे भाऊ म्हातारे झालेत. दहा वर्षं कधीच उलटली, पण मला उघडून गाढव व्हायला कुणी तयार नाही. रोज संध्याकाळी दुकान बंद करून वर जाताना रबरावरून भांडतात. ताई वर स्वयंपाकघरात कान देऊन उभी असते. थोरल्याचा आवाज खालच्या पायरीवर सुरू होतो, वळणावर येतो, आणि वाक्य न तुटता वरच्या दारात पोचतो. चष्मा पुसायला कुणी थांबत नाही. खरं तर आता त्याला चष्मा लागलाय.

तर मित्रांनो, माझं एवढंच सांगणं. एखादी वस्तू जपायची असेल तर ती नीट धुवा, नीट भरा, झाकण घट्ट लावा आणि मग हात मागे घ्या. रोज उघडून बघणं आणि रोज घासत बसणं म्हणजे जपणं नव्हे, तो आपला चुळबुळेपणा. आणि मी फळीवर नुसती बसून असते, काही कामाची नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, की जेवढी तंबाखू माझ्या पोटात राहिली तेवढी कुणाच्या छातीत गेली नाही.

रबर अजून शाबूत आहे. विश्वास नसेल तर येऊन बघा. पण बाहेरून.