साठाचे चोवीस

धाकट्याने हार्ड डिस्क टेबलावर अशी आपटली की ताईच्या कपातला चहा बशीत सांडला. त्याने ते पाहिलं, पण पुसायला फडकं काही शोधलं नाही.

"एवढं सेकंदाला चोवीस चित्रांवर आणून दे," तो म्हणाला. "बाकीचा सगळा सिनेमा चोवीसवर आहे. आईचं शूटिंग तेवढं हातातल्या छोट्या कॅमेऱ्यावर झालंय. मध्येच लग्नाची कॅसेट लागल्यासारखं वाटतं."

"बस तरी."

"बसायला आलो नाही."

दोघांचं बरेच दिवस असंच चाललं होतं. ताई संकलक होती. राहत्या घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला जाड काळा पडदा लावून, ती दुसऱ्यांचे सिनेमे कापायची आणि जोडायची. आई तिच्याकडेच राहायची. आईचे डॉक्टर, आईचा चष्मा, आईचे गुडघे, सगळं ताईच्या गळ्यात. धाकटा दिग्दर्शक. अधूनमधून उगवायचा, आईला अमुक खायला घाल, तमुक बंद कर, असं उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं सांगायचा आणि चालू पडायचा. तोच आता आईवर सिनेमा काढत होता. तोही ताई बाहेरच्या कामाला गेलेली असताना दुपारी येऊन, गुपचूप. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण आईचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती जावं, हेही तिला सोसलं नसतं.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. ती शाळेत शिकवतात तशी खूणभाषा नव्हती. याच घरात, वापरून वापरून घडलेली बोली होती. बाप म्हणजे कानामागे एक बोट, कारण तो सुतार होता आणि पेन्सिल तिथे खोचायचा. धाकटा म्हणजे फुगवलेले गाल. ताई म्हणजे कपाळावर आठी. ही खूण ताईला कधीच आवडली नव्हती.

धाकटा गेल्यावर तिने चित्रं उघडली आणि पहिल्याच नजरेत तिच्या लक्षात आलं की हे सरळ काम नाही. त्या कॅमेऱ्याने सेकंदाला साठ अर्धी चित्रं टिपली होती. एका अर्ध्यात सगळ्या विषम ओळी, पुढच्या अर्ध्यात सम. समोरचा माणूस स्वस्थ बसला असेल तर दोन अर्धी एकमेकांत फणीच्या दातांसारखी नीट बसतात. तो हलला की दात चुकतात आणि कडा करवतीसारख्या दिसतात. आणि आईचे हात तर बोलायला लागले की थांबायचेच नाहीत.

तिने आधी सोपा मार्ग धरला. यंत्राला सांगितलं, साठाचे चोवीस कर. यंत्राने शेजारशेजारची चित्रं एकमेकांत कालवली. करवत गेली. आईचा चेहरा, मागची भिंत, खुर्चीची पाठ, सगळं सिनेमात शोभेल असं मऊ झालं. हात मात्र धूर झाले. पाच बोटांची आठ-दहा दिसायला लागली, एकातून दुसरं उगवल्यासारखी. ताई आईचं बोलणं जन्मापासून वाचत आली होती, पण तिलाही ते लागेना.

तिने नमुना पाठवला. धाकट्याचा लगेच फोन आला.

"झकास! अगदी स्वप्नातल्यासारखं. हेच पाहिजे होतं."

"अरे, ती काय बोलते ते कळतच नाही."

"खाली अक्षरं येणार आहेत ना. लोक ती वाचतील. आणि हे बघ, बाबांबद्दल बोलते तो तुकडा आहे ना, तो याहूनही मऊ कर."

ताईने फोन ठेवला. सगळा सिनेमा सोडून तोच तुकडा का? मग तिने कच्चं शूटिंग काढलं आणि एकेक अर्धं चित्र पुढे ढकलत पाहायला लागली.

आईने कानामागे बोट नेलं. मग उजव्या मुठीत डावं मनगट पकडलं, डाव्या मुठीत उजवं. भांडण झालं की तो माझे हात धरून ठेवायचा, असं ती सांगत होती. हात धरले की मी बोलणार कशाने? मग तिने दार दाखवलं आणि तळहात बाहेरच्या बाजूला झटकला, बोटं फाकवून. त्या घरात 'गेला' म्हणायचं तर तळहात नुसता घसरायचा. झटकला तर 'घालवला'.

धाकट्याने पाठवलेली अक्षरं तिने शेजारी उघडली. 'आमची भांडणं व्हायची. एक दिवस तो आम्हाला सोडून गेला.'

दुसऱ्या दिवशी तिने त्याला बोलावून घेतलं. तो आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"तुला ही खूण कळली नाही, असं मला सांगू नकोस," ती म्हणाली.

तो संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाला, "कळली."

"आणि वर मलाच पुसायला सांगतोस? माझ्याच हाताने?"

"मग काय दाखवू? आयुष्यभर तुम्ही दोघींनी मला सांगितलं, बाबा सोडून गेले. शाळेत मी तेच सांगितलं. मित्रांना, बायकोला, सगळ्यांना तेच. सिनेमाही त्याच्यावरच उभा केला. आणि आता कॅमेरा चालू असताना ही बाई सहज सांगते की मीच हाकललं!"

"ही बाई तुझी आई आहे."

"आणि ते माझे बाप होते! मला खांद्यावर बसवून लाकडाच्या वखारीत न्यायचे. माझे हात नाही धरले त्यांनी कधी."

"तुझे कशाला धरतील? तुला तोंड होतं."

तो पांढराफटक पडला. "तू तेव्हा मोठी होतीस. तू सांगायला हवं होतंस."

"सांगून काय केलं असतंस? त्यांना शोधून आणलं असतंस? आण ना मग! आयत्या बिळावर नागोबा होऊन—"

खोलीतला दिवा लागला. दाराचं बटण दाबलं की आवाजाऐवजी उजेड व्हावा, अशी सोय ताईने आईसाठी सगळ्या खोल्यांत केली होती. आई भाजी घेऊन आली होती. किल्ली असली तरी आल्याची वर्दी द्यायला ती बटण दाबायचीच. संगणकाच्या पडद्यावर धूसर नमुना धाकट्याच्या अक्षरांसकट उघडा होता; तो झाकायला ताईने हात पुढे केला, पण तोवर आई दारात उभी होती.

आईने स्वतःचा चेहरा पाहिला आणि हसली. मग हात पाहिले. हसू गेलं.

"माझ्या हातांना काय झालं?" तिने विचारलं.

धाकट्याने मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितलं, "सिनेमात असंच असतं. छान दिसतं."

आई पुढे आली. पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात छापील पानांचे फर्मे लावता लावता ती वाचायला शिकली होती. तिने खालची अक्षरं वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली आणि पिशवी खाली ठेवली. मग तिचे हात असे सुटले की ताईलाही त्यांच्या मागे धावावं लागलं. मी हे बोलले नाही. तू माझ्यासमोर बसला होतास. मी तुला सांगत होते, त्या कॅमेऱ्याच्या डब्याला नाही. ज्या गोष्टीला मला इतकी वर्षं लागली, ती तू...

"आई, ऐक ना. आई, एक मिनिट!" तो म्हणाला, आणि त्याने तिची दोन्ही मनगटं धरली.

आई जागच्या जागी थिजली. तिने हात ओढले नाहीत, धडपडही केली नाही. नुसती त्याच्या छातीकडे बघत राहिली, जणू हे किती वेळ चालतं ते तिला जुन्या सवयीने माहीत होतं.

"सोड," ताई ओरडली. "हात सोड तिचे!"

विंचवाला हात लागावा तसे त्याने हात मागे घेतले.

आईने मनगटं चोळली. मग अगदी सावकाश, लहान मुलाला समजावं तसं, ती म्हणाली, "मी बोलले तसं दाखव. नाहीतर दाखवूच नकोस." आणि भाजीची पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेली.

"झालं समाधान?" धाकटा ताईला म्हणाला.

"हात दाखवून अवलक्षण तू केलंस. मला काय विचारतोस?"

तो निघून गेला. डिस्क मात्र तिथेच राहिली. विसरला की ठेवून गेला, ते ताईला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. तिने कालवण्याचं काम बंद केलं. प्रत्येक अर्धं चित्र वेगळं काढलं, त्याच्या गाळलेल्या ओळी भरून त्याचं पूर्ण चित्र केलं, आणि त्या साठांतून चोवीस निवडली, एकात दुसरं न मिसळता. आईची हालचाल त्यामुळे थोडी अडखळत होती, कडा कुठे कुठे खरबरीत दिसत होत्या. पण बोट बोटासारखं दिसत होतं. यंत्राने निवडलेल्या चित्रांत झटक्याचं नेमकं चित्र सुटलं, तेव्हा तिने ते हाताने घातलं. काम पाठवलं. पोचल्याचंही उत्तर आलं नाही.

सिनेमा लागला तेव्हा दोन तिकिटं पाकिटातून आली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. ताई आईला घेऊन गेली. धाकटा भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान हलवली, जवळ आला नाही.

तो तुकडा आला. हात स्वच्छ होते. बोटं फाकली, तळहात झटकला गेला. खाली अक्षरं उमटली, 'मीच त्याला घालवला.' ताईने सुटकेचा श्वास टाकला, तोच पडदा काळा झाला आणि अंधारात धाकट्याचा आवाज आला, "मी लहान होतो. मला कुणी विचारलं नाही."

या वाक्याला अक्षरं नव्हती. ताईचा संताप झाला. शेवटी चारचौघांत उट्टं काढलंच याने, तेही आईला कळणार नाही अशा रीतीने. सांगावं की गिळून टाकावं? पण आई तिच्याकडे वळली होती. काळा पडदा बघून तिने ओळखलं होतं की कुणीतरी बोलतंय. पुढचं दृश्य उजळलं तसं ताईने तिला खुणांनी सांगितलं, जसंच्या तसं.

आईने विचार केला.

"खरं आहे," ती म्हणाली. मग धाकट्याकडे वळून, त्याला दिसावेत म्हणून हात जरा उंच धरून, ती म्हणाली, "पण विचारलं असतं, तरी घालवलाच असता."

त्याने ते पाहिलं. दिवे लागले तेव्हा तो तिथे नव्हता, आणि त्यानंतर बरेच दिवस तो घरीही आला नाही. आई त्याची वाट बघत नव्हती, असं नाही. ताईने एकदा त्याला फोन लावायला घेतला, तेव्हा आईने फोन तिच्या हातून काढून घेतला. "येऊ दे त्याचा तो," ती म्हणाली, आणि वाटाणे सोलायला बसली.