पोथीतले टाके

धुळ्याहून निघालेली बस पारोळ्याच्या थांब्यावर टेकली आणि रोहिदास सरांचा फोन आला.

"शनिवारी संशोधन समिती बसतेय, कामिनी. साधी माणसं कशी वाचत होती, हा तुझा विषय. त्याचा एक तरी धड पुरावा टेबलावर ठेव. 'आजींनी सांगितलं' हे पुरे नाही. नाहीतर विषय बदला म्हणतील."

"आज मिळतोय, सर," कामिनी म्हणाली. गेलं दीड वर्ष ती हेच म्हणत होती.

पुरावे नव्हते असं नाही. होते, पण ती पोचण्याआधी कुणीतरी अत्यंत प्रेमाने ते पुसून ठेवत असे. धुळ्यातल्या एका जुन्या वाचनालयात पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वाचकांनी पुस्तकांच्या कडेला पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलं होतं. 'हे खोटं आहे.' 'इथे आईची आठवण आली.' एकाने तर 'पान ८० नंतर वाचू नये, वेळ जातो' असा इशाराच दिला होता. आपण येणार असल्याचं पत्र कामिनीने रीतसर पाठवलं आणि तिथेच चुकली. तिथले शिपाई लोटन नाना दारातच हसत उभे. "ताई, तुम्ही येणार म्हणून बठ्ठी पुस्तकं साफ केली. तीन रबरं झिजली." आणि वर म्हणाले, "लोकांना वळणच नाही हो, पुस्तकात लिहितात."

त्या माणसावर रागवायचं तरी कसं? तिने त्यांनी दिलेला चहा प्यायला आणि परत आली.

आता सगळी भिस्त पिंप्राळ्याच्या दगडीबाईंवर होती. दगडीबाई मूळच्या चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या. आता मुलगा धनसिंग आणि सून सोनल यांच्याजवळ पिंप्राळ्यातल्या एका कॉलनीत राहत होत्या. अक्षरओळख नाही; पण त्यांच्याकडे सुट्या पानांची एक पोथी होती. गावात असताना शेजारच्या शिंप्याची बायको, मेहरुन, दर गुरुवारी दुपारी हातपाय धुऊन यायची आणि ती पोथी चालीवर वाचायची. मेहरुन मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, गळाही गोड. ती वाचायची, दगडीबाई गोधडी शिवत ऐकायच्या. वाचन जिथे थांबे, तिथे पानाच्या कडेला त्या हातातल्या सुईने एक टाका घालायच्या. ऐकताना रडू आलं असेल, तर साध्या टाक्याऐवजी फुली.

सात वर्षं दोघींनी काय, किती ऐकलं आणि कुठे रडल्या, हे सगळं त्या कडेवर शिवलेलं होतं. मागच्या महिन्यात कामिनीने ते पहिल्यांदा पाहिलं. फोटो काढायला मोबाइल वर केला, तर दगडीबाईंनी तिला अडवलं. बसमधून उतरलेल्या हातांनी पोथी उलगडायची नाही. गुरुवारी अंघोळ करून ये. कामिनीने मान्य केलं. जाताना सोनलला एवढंच म्हणाली, की या पोथीचे फोटो धुळ्याला मोठमोठी माणसं बघणार आहेत.

तो गुरुवार आज होता. पहाटेच अंघोळ करून ती निघाली होती. पोचल्यावर बसचे हात दगडीबाईंच्या अंगणातल्या नळाखाली पुन्हा चोळून धुतले. सोनलने पाट मांडला, नवं कोरं पिवळं फडकं सोडलं आणि पोथी पुढे ठेवली.

कामिनीने पहिलं पान उचललं. दुसरं उचललं. मग दहा-बारा एकदम.

"वहिनी, टाके कुठे गेले?"

"काढले ना," सोनल म्हणाली. "दोन दुपारी गेल्या, ताई. एकेक दोरा ब्लेडने उसवला, एक पान म्हणून फाटू दिलं नाही. मोठी माणसं बघणार, त्यांना वाटायचं या घरात देवाच्या पोथीला ठिगळं लावतात."

कामिनीने डोळे मिटले. डोळ्यांपुढे तीन झिजलेली रबरं आली.

"दोरे तरी ठेवलेत?"

"घंटागाडीत टाकले."

कोपऱ्यात भिंतीला टेकून दगडीबाई बसल्या होत्या. "तिनी बठ्ठा टाका काढी टाकात," त्या म्हणाल्या. "माले इचारं बी नही."

"तुम्ही देवळात गेला होता, आई. आल्यावर खूश व्हाल असं वाटलं."

"व्हयनू ना खूश. दोन दिवस बोलनू नही तुनासंगे, तेच."

सोनल स्वयंपाक करायला आत गेली. कामिनीच्या मनात आलं, बस गाठावी, सरांना सांगावं, बदला विषय. तिने पानं गोळा केली आणि नीट जुळावीत म्हणून गठ्ठा उभा धरला. खिडकीतून ऊन येत होतं. समोरच्या पानाच्या कडेला उजेडाचे दोन बारीक ठिपके दिसले.

तिने पान सुटं करून उजेडात धरलं. दोन भोकं. पुढच्या पानाला दोन. त्याच्या पुढच्या पानाला चार, चौकोनाच्या कोपऱ्यांसारखी.

दोरा गेला होता, पण सुईची भोकं सोनलच्या ब्लेडला काढता आली नव्हती. दोन म्हणजे साधा टाका, चार म्हणजे फुली.

"आजी, हे बघा." तिने म्हाताऱ्या बाईचं बोट त्या चार भोकांवर ठेवलं.

दगडीबाईंनी बोट फिरवलं. "देव भुक्या दारमा उभा ऱ्हास, तो अध्याय शे हाऊ. मेहरुनना डोयामा पानी उनं, मना बी. ते दिन भाकर बी जळनी."

कामिनीने वरची ओळ वाचली. तोच अध्याय होता.

मग ती झपाट्याने कामाला लागली. पान उजेडात धरायचं, फोटो काढायचा, भोकं मोजायची, आजींना विचारायचं, लिहायचं. शेवटची भोकं एकोणिसाव्या अध्यायाच्या मध्यावर सापडली.

"मेहरुन अठेच थांबेल व्हती," दगडीबाई म्हणाल्या. "मंग ती धुळ्याले गयी लेककडे. पुढलं कीर्तनमा ऐकेल शे, पोथीमा नही. वाच."

"आजी, माझी तीनची बस आहे."

"हात धुयात ना? वाच मंग."

कामिनीने वाचायला घेतलं. चार ओळी झाल्या नाहीत तोच दगडीबाईंनी हात वर केला. "ग्रामपंचायतनी नोटीस वाची ऱ्हायनी का तू? चाल लाव."

चाल लावण्यावाचून सुटका नाही हे कळल्यावर तिने, वडिलांचं बोट धरून लहानपणी कीर्तनात ऐकलेली एक चाल आठवून धरली. आवाज आधी चिरकला, मग लागला. दगडीबाई मांडीवर ताल देऊ लागल्या. घड्याळात पावणेतीन झाले, तीन झाले. अध्याय संपला तेव्हा कामिनीला आपला आवाज भरून आल्याचं जाणवलं, आणि त्याचाही वैताग आला. बस गेली होती.

तेवढ्यात दगडीबाईंनी पदराला खोचलेली सुई काढून हिरवा दोरा ओवला.

"नाही, आजी, नको," कामिनीने पान ओढलं. "हा पुरावा आहे. आता यात नवीन काही घालायचं नसतं. समिती मला विचारेल."

"मंग आज आपन कोठलोंग वाचं, ते उद्या कसं समजी?"

कुठपर्यंत वाचलं, हे मागाहून कसं कळणार? दीड वर्ष ती याच प्रश्नामागे हिंडत होती, आणि आता तीच टाका अडवत होती. तिने पानाचा फोटो काढला, त्यावर तारीख लिहून घेतली आणि पान खाली ठेवलं.

"एक का फुली?" दगडीबाईंनी विचारलं.

"फुली," कामिनी नाक पुसत म्हणाली.

दगडीबाईंनी फुली घातली आणि दोरा दाताने तोडला. सोनल चहा घेऊन आली, कप ठेवायला वाकली आणि तिची नजर पानावर गेली.

"ताई, एक राहिलाच की माझ्याकडून," म्हणत तिने नख पुढे केलं.

कामिनीने तिचं मनगट पकडलं. त्याच वेळी फोन वाजला. तिने दुसऱ्या हाताने कानाला लावला.

"मिळाला का पुरावा?" रोहिदास सरांनी विचारलं.

"मिळालाय, सर. धरून बसलेय."